तोंडावरचा पदर

बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. सांगली-मिरज रस्त्यावर बिनड्रायव्हरच्या बस धावायला लागल्या, घरोघरी पोळ्या लाटणारी यंत्रं आली, पण हा मान अजून कुठल्या यंत्राकडे गेला नव्हता. गेला असता तरी केतकी जोगळेकरनं तो ओढून परत आणला असता.

तिचा हक्कही तसाच होता. आई गेली तेव्हा निनाद शाळकरी होता. त्याचे डबे, त्याचे अभ्यास, त्याचं आजारपण, पुढे त्याचं लग्न, सगळं या थोरल्या बहिणीनं निभावलं. त्या धबडग्यात तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं ते गेलंच. शाळेत संगीत शिकवायचं आणि वर्षातून एकदा नाट्यगृहात पदं गायची, एवढीच काय ती तिची स्वतःची चैन.

निनादला बऱ्याच वर्षांनी मुलगा झाला, तोही घाईघाईनं, दिवस भरायच्या कितीतरी आधी. मिरजेच्या दवाखान्यात काचेच्या पेटीतच ते पोर वाढलं. घरी सोडताना डॉ. नाझनीन तांबोळींनी सगळ्यांना समोर बसवून बजावलं.

"आईकडून बाळाला प्रतिद्रव्यं मिळतात ती शेवटच्या दोन-तीन महिन्यांत. हा पठ्ठ्या त्याआधीच निघून आलाय. तेव्हा त्याचं संरक्षण त्याच्या अंगात नाही, तुमच्या अंगात आहे. ज्याला जागर घेऊन महिना उलटलाय, त्यानंच बाळाजवळ जायचं. बाकीच्यांनी लांबून बघायचं."

जागर म्हणजे नाकात मारायचा फवारा. त्यामागची गोष्ट मोठी गमतीची आहे. आपल्या शरीरात दोन प्रकारचं सैन्य असतं. एक जरा उशिरा पोचतं, पण शत्रूचा चेहरा नीट ओळखून ठेवतं; नेहमीच्या लशी शिकवतात ते त्याला. दुसरं जन्मजात मिळालेलं, जंतू दिसला की आधी धावून जाणारं. हे दुसरं सैन्य विसरभोळं आहे असंच शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं धरून चालले होते. मग लक्षात आलं की क्षयाची लस टोचलेली मुलं क्षय सोडून भलत्याच दुखण्यांतूनही तगतात. हे कसं काय? तर या पहारेकरी पेशींनाही आठवण असते. पेशीच्या केंद्रकात डीएनए घट्ट घड्या घालून ठेवलेलं असतं. एकदा कोणी दार धडकवलं की त्यातल्या काही घड्या सैल होतात, आणि आलेला निघून गेला तरी पुन्हा पहिल्यासारख्या घट्ट बसत नाहीत. पुढच्या खेपेला हत्यार काढायला मग वेळ लागत नाही. रक्तातल्या या पेशी बिचाऱ्या अल्पायुषी, पण हाडांच्या मज्जेत त्यांना जन्म देणाऱ्या मूळ पेशींच्या घड्याही सैल झालेल्या असतात, म्हणून ही जाग वर्षभर तरी टिकते. फक्त ही आठवण चेहऱ्याची नसते. कोण आलं होतं हे त्या पेशींना सांगता येत नाही. कोणीतरी आलं होतं, एवढंच त्यांना ठाऊक असतं.

फवाऱ्यात मेलेल्या जंतूंचे तुकडे असत. ते हुंगले की पेशी खडबडून उठत, आणि पुढे कुठलाही विषाणू नाकात शिरला तरी तिथल्या तिथे त्याचा निकाल लावत. अशा माणसाकडून दुसऱ्याला लागण व्हायची भीती जवळजवळ नसे. त्रास एकच होता. दोन दिवस कणकण यायची आणि घसा पार बसायचा.

आणि तिथेच घोडं अडलं. नाट्यगृहातला कार्यक्रम तोंडावर आला होता.

"कार्यक्रम झाला की घेते," केतकीनं ठरवलं. कार्यक्रम झाला, टाळ्या पडल्या, एक पद पुन्हा म्हणावं लागलं. त्या आनंदात आठवडा गेला. मग बारशाची तारीख ठरल्याचा फोन आला. आता फवारा घेतला तरी महिना उलटणार नव्हता, आणि नुसतं घेतलं म्हणून बाळाजवळ जाता येणार नव्हतं.

फोन ऋजुताचा होता. भावजय बिचारी सगळ्यांना विचारत होती, तसंच तिनं नणंदेलाही विचारलं. "ताई, तुम्ही जागर घेतलाय ना?"

मागून निनादचा आवाज आला, "अगं, ताईला काय विचारतेस? ती आपल्याआधी घेऊन मोकळी झाली असेल."

"घेतला की," केतकी म्हणाली.

खरंतर दवाखान्याचा दाखला मागता आला असता. ऋजुतानं स्वतःच्या आईकडून, सुलभाकाकूंकडून, तो मागून घेतला होता. पण नणंदेकडे दाखला मागणारी भावजय सांगली जिल्ह्यात अजून जन्माला यायची होती.

बारशाच्या दिवशी सकाळीच केतकीचा घसा खवखवत होता. परवाच्या रियाजानं असेल, असं तिनं स्वतःला समजावलं, ज्येष्ठमधाची कांडी दाढेखाली धरली आणि जरीची साडी नेसून ती निघाली. आपण स्वतःची समजूत घालतोय हे तिला आतून कळत होतं.

पाळणा मोगऱ्यानं सजवला होता. मोजून दहा-बारा माणसं. सुलभाकाकू स्वयंपाकघरातून घुगऱ्यांची पातेली आणून ठेवत होत्या. बाळ घरी आल्यापासून त्या कराडहून इथेच येऊन राहिल्या होत्या. बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालणं, शेक-शेगडी, रात्रीची जागरणं, सारं त्याच करत. आता मात्र त्या केतकीला पुढे करून स्वतः मागे उभ्या राहिल्या.

"या केतकीताई, तुमच्याशिवाय खोळंबलंय सगळं."

केतकी पाळण्यावर वाकली. बाळाच्या कानापाशी ओठ नेऊन तिनं नाव सांगितलं, "मिहिर". रिवाजाप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली. त्याबरोबर तिला खोकल्याची उबळ आली. तोंड बाजूला करायलाही सवड मिळाली नाही.

"अगं बाई, हळू! आत्याचा जीव घ्याल," कोणीतरी म्हणालं आणि सगळ्या खळाळून हसल्या. केतकीही हसली. मग तिनं पाळणा म्हटला. छान लागला होता आवाज, थोडा घोगरा, पण भरलेला. ऋजुताच्या डोळ्यांत पाणी आलं. पाळण्यातला मिहिर टक लावून आत्याच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत होता.

त्या रात्री केतकीला ताप भरला. अंगातला एकेक सांधा ठणकत होता. दोन दिवस ती घरात पडून राहिली, शाळेत पोटदुखीचं कारण कळवलं, आणि निनादचा फोन आला तेव्हा आवाज शक्य तितका खणखणीत काढला.

आठवडा संपायच्या आत मिहिर दवाखान्यात होता.

काचेच्या पलीकडे ते बाळ श्वास ओढत होतं तेव्हा त्याच्या बरगड्यांमधली कातडी आत खेचली जात होती. केतकी काचेला टेकून उभी राही आणि देवाला काहीबाही सांगत राही. या दिवसांत तिनं एक शोध लावला होता. भीती आणि लाज दोन्ही एकदम वाटू शकतात, आणि लाज भीतीलाही पुरून उरते. बाळ वाचावं असं तिला मनापासून वाटत होतं. आपलं कोणाला कळू नये, हेही तिला तितकंच मनापासून वाटत होतं, आणि हे दुसरं वाटणं तिला स्वतःलाही बघवत नव्हतं.

डॉ. तांबोळींनी बारशाला आलेल्या सगळ्यांना जाग-तपासणीसाठी बोलावलं. बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा, त्यात निरुपद्रवी जंतूचा अंश मिसळायचा आणि पेशी किती चपळाईनं ओरडा करतात ते यंत्रानं मोजायचं. पेशी जाग्या असतील तर यंत्रावर हिरवी कमान, निजलेल्या असतील तर करडी.

"दोन कारणं आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "पुढे लागलंच तर जवळच्या नात्यातल्या कुणाच्या तरी जागत्या पेशी बाळाला द्याव्या लागतील. आणि लागण कुठून झाली असेल याचा थोडा अंदाज येईल."

केतकीनं ओळखलं, आता सगळं उघडं पडणार. ती थेंब द्यायला बसली तेव्हा तिला वाटलं, पडू दे एकदाचं.

यंत्रावर हिरवी कमान उमटली. इतकी हिरवी की तिथली मुलगी म्हणाली, "वा मॅडम, सगळ्यांत जाग्या तुमच्याच पेशी!"

करडी कमान एकाच व्यक्तीची आली. सुलभाकाकूंची.

"घेतला होता हो मी," काकू पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "गणपतीची शपथ, घेतला होता. दाखला आहे माझ्याकडं. ताप पण आला होता थोडा."

"घेतला असणारच," डॉ. तांबोळी म्हणाल्या. "वयानुसार मज्जेतल्या मूळ पेशी शिकायला नाखूश होतात. काहींच्या बाबतीत फवारा लागूच पडत नाही. यात दोष कुणाचा नाही. आणि लागण यांच्याकडूनच झाली असंही यातून सिद्ध होत नाही."

पण डॉक्टरांचं हे शेवटचं वाक्य कुणी ऐकलंच नाही. रात्र-रात्र जागलेली ऋजुता आईकडे वळून एवढंच म्हणाली, "आई, तू आता त्याच्याजवळ येऊ नकोस."

सुलभाकाकूंनी मान हलवली. पदराचं टोक उचलून त्यांनी तोंडावर धरलं आणि त्या जिन्याकडे गेल्या. खाली दवाखान्याच्या आवारात, उघड्यावर, जिथं आसपास चिटपाखरू नव्हतं, तिथंही त्या बाकावर तोंडावर पदर धरूनच बसल्या होत्या. केतकीनं ते खिडकीतून पाहिलं. एका वाक्यात तो पदर खाली आला असता. तिनं खिडकीचा पडदा ओढून घेतला.

दोन दिवसांनी बाळाची तब्येत आणखी खालावली आणि निरोप आला, जागत्या पेशी द्याव्या लागतील, केतकीताईंच्या सर्वांत चांगल्या आहेत. निनादनं तिचे दोन्ही हात धरले. "ताई, मला वाढवलंस, आता त्यालाही तूच..." सुलभाकाकू लांबूनच पदराआडून म्हणाल्या, "देवमाणूस आहात हो तुम्ही. माझ्या हातून तर भलतंच झालं." केतकीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण मिरजेची जमीन टणक होती, आणि ती मान खाली घालून डॉक्टरांच्या मागोमाग आत गेली.

खुर्चीत बसल्यावर डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधता बांधता नेहमीचा प्रश्न विचारला, "गेल्या महिन्याभरात सर्दी, ताप, घसा?"

"नाही."

डॉक्टरांनी सुई उघडली. केतकी त्या सुईकडे बघत राहिली.

"डॉक्टर, समजा... समजा एखाद्याला येऊन गेला असेल ताप, तर काय होतं?"

"तर घेत नाही. हा विषाणू या पेशींच्या पोटातच काही आठवडे दडून राहतो. त्या बाळाला देणं म्हणजे..." डॉ. तांबोळी थांबल्या. "समजा म्हणजे?"

केतकीनं सांगितलं. फवाऱ्याचं, कार्यक्रमाचं, घशाचं, खोकल्याचं. सांगताना तिनं एकदाही वर पाहिलं नाही.

"पण मग माझी कमान हिरवी कशी?" शेवटी तिनं विचारलं. हा प्रश्न तिला इतके दिवस छळत होता, आणि खरं सांगायचं तर इतके दिवस सुखावतही होता.

"कारण त्या विषाणूनंच त्यांना जागं केलं. फवाऱ्यानं उठवलं काय, तापानं उठवलं काय, या पेशींना फरक सांगता येत नाही. कोणीतरी येऊन गेलं, बस." डॉक्टरांनी पट्टा सोडला. त्यांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे तो जास्तच लागला. "वेळेवर बोललात. निनादरावांच्या पेशी जरा कमी जाग्या आहेत, पण चालतील."

मग त्यांनी उघडलेली सुई बाजूला ठेवली. "तुमची माहिती तुमची आहे. ती मी कुणाला सांगू शकत नाही. बाहेर मी एवढंच म्हणेन की तुमच्या पेशी बाळाला चालणार नाहीत. बाकी तुमचं तुम्ही बघा."

हे खोटंही नव्हतं. केतकी त्या अर्ध्या सत्याचा आडोसा घेऊन बाहेर आली. निनादनं तिला जवळ घेतलं आणि वर तिचीच समजूत काढली, "जाऊ दे ताई, तुझ्या हातात होतं का ते?" असल्या मायेपेक्षा त्यानं मुस्काटात मारली असती तरी परवडलं असतं.

निनादच्या पेशी लागू पडल्या. बरगड्यांमधली ओढ कमी झाली, मग थांबली. मिहिर दूध ओढायला लागला. दवाखान्यातून घरी आला तेव्हा त्याच्या गालांवर पुन्हा मांस चढलं होतं.

सुलभाकाकू मात्र कराडला परत गेल्या होत्या. त्यांना कुणी जा म्हटलं नव्हतं. राहा असंही कुणी म्हटलं नव्हतं. बाळाला न्हाऊ घालायला एक बाई ठेवली होती, तिच्या हाती मिहिर रोज रडून घर डोक्यावर घ्यायचा.

केतकी शनिवारी संध्याकाळी भावाकडे जायची. आता तिनं खरोखरीचा जागर घेतला होता, महिना उलटू दिला होता, आणि दाखला न मागता ऋजुतापुढे ठेवला होता. ऋजुता हसून म्हणाली होती, "हे काय ताई, तुमच्याकडून का घेणार मी?"

अशाच एका शनिवारी ऋजुतानं आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन मिहिरसमोर धरला. "आई, बघ, पालथा पडायला लागलाय."

पडद्यावर सुलभाकाकू आल्या. त्यांनी पदर तोंडावर धरला होता.

कराड ते सांगली एवढं अंतर, मध्ये काच, आणि त्या नातवासमोर तोंड झाकून बसल्या होत्या. फक्त डोळे दिसत होते, आणि ते हसत होते. मिहिर त्या पदराकडे गोंधळून बघत होता. न्हाऊ घालताना वाकलेला तो चेहरा त्याला सापडत नव्हता.

"आई, अगं फोनवर कशाला पदर?" ऋजुता म्हणाली.

"असू दे गं," पदराआडून आवाज आला. "सवय झाली. आणि आपलं उगीच कशाला."

केतकीच्या हातात चहाचा कप होता. तो तिनं खाली ठेवला.

"काकू, पदर काढा," ती म्हणाली. "तुमच्याकडून नव्हतं आलं ते. माझ्याकडून आलं. मी जागर घेतलाच नव्हता. ऋजुता, मी तुझ्याशी फोनवर खोटं बोलले. बारशाच्या दिवशी माझा घसा धरलेला होता, आणि तो खोकला धपाट्यांचा नव्हता. मला रात्री ताप आला. तापानंच माझ्या पेशी जाग्या झाल्या, म्हणून माझी कमान हिरवी आली. दवाखान्यातच मला हे सगळं कळलं होतं. तरी मी काकूंना जाऊ दिलं."

निनाद उभा होता तो भिंतीला टेकला. ताईनं हे केलं यावर त्याचा विश्वास बसत नव्हता, आणि ताई खोटं बोलत नाही हेही त्याला लहानपणापासून पाठ होतं. दोन्ही एकदम खरं कसं मानायचं, ते त्याला कळेना.

ऋजुतानं मिहिरला उचलून छातीशी धरलं.

"मी आईला म्हटलं, जवळ येऊ नकोस," ती हळू आवाजात म्हणाली. "तुमच्यासमोर म्हटलं. तुम्ही शेजारी उभ्या होतात."

"हो."

"त्या पेशींना म्हणे कोण आलं होतं ते आठवत नाही. माझं तसं नाही ताई. मला आठवणार."

केतकीनं मान हलवली. रागावलं असतं कुणी, आरडाओरडा केला असता, तर तिला त्यात कुठेतरी लपता आलं असतं.

फोन सोफ्यावर उताणा पडला होता. त्यातून सुलभाकाकूंचा आवाज आला, "अगं, भांडू नका पोरींनो. बाळासमोर नको." केतकीनं वाकून पाहिलं. पदर खाली आला होता. दवाखान्यानंतर पहिल्यांदाच तिला त्यांचा पूर्ण चेहरा दिसला. तो केवढा उतरला होता! गालफडं बसली होती, आणि तरी त्या तिलाच म्हणाल्या, "केतकीताई, बसा तुम्ही. पाणी प्या."

केतकीचा हात नकळत स्वतःच्या तोंडावर गेला.

ऋजुतानं फोन उचलला. "आई, उद्या सकाळच्या गाडीनं ये. निनाद स्टँडवर येईल घ्यायला."

केतकी दाराशी गेली. निनादनं दार उघडून धरलं, पण तो तिच्याकडे बघत नव्हता. बाहेर जिन्यावर येऊन तिनं एक चप्पल पायात घातली आणि ती तशीच थांबली. आतून आवाज येत होते. "सोन्या, आजी येणार उद्या!" "बघ, कोण आहे फोनमध्ये?" "राजा माझा, आजीला हाक मार." मिहिर खिदळत होता. बाळाला हजार नावांनी हाका मारत होते ते. केतकी कान देऊन ऐकत राहिली. तिनं त्याच्या कानात सांगितलेलं नाव काही कुणाच्या तोंडून आलं नाही.

मग तिनं दुसरी चप्पल पायात सरकवली आणि ती जिना उतरू लागली.